छातीतली बुरशी आणि माडीवरची नात

आपल्या फुप्फुसांत बुरशी वाढते आहे हे कळल्यावर कोणी पेढे वाटल्याचे मी आजवर कोठे ऐकलेले नाही. मी मात्र ते केले आहे. हयातभर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला, एखादा विसर्ग गळला तरी ज्याच्या कपाळाला आठी पडे असा मनुष्य पेढ्यांचा पुडा घेऊन भिवंडीच्या गल्लीतून दारोदार हिंडतो आणि 'मला बुरशी झाली आहे' असे हर्षभराने सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याने काय समजावे? काहींनी पेढा घेतला आणि दार लावून घेतले.

त्या हर्षाचे मूळ माझ्या मुलीच्या बाळंतपणात होते. तिचे सासर नागपूरला. पहिल्या खेपेला ती रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी आली. माझा खोकला तेव्हा जुनाच होता; पण तिला नववा महिना लागला आणि त्याने वेगळेच रूप धरले. अधूनमधून ताप येई, चार शब्द बोलले की धाप लागे, आणि सकाळच्या खोकल्याबरोबर तपकिरी, चिवट गाठी पडत. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, टीबी दिसतो." लगेच गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी लघवीलाही केशरी रंग आला. "आता एवढेच सोवळ्यात यायचे राहिले होते," असे माझी पत्नी म्हणाली.

नात जन्मली ती याच दिवसांत. डॉक्टरांनी निक्षून सांगितले की तान्ह्या बाळाला माझा वाराही लागता कामा नये. तेव्हा मायलेकी माडीवर आणि मी खाली देवघराशेजारच्या खोलीत, अशी वाटणी झाली. बारसे माडीवर झाले. आत्याने कानात सांगून मग मोठ्याने घेतलेले नाव मी परसात उभा राहून ऐकले. मुलगी रोज सकाळी माडीच्या सज्जात येई आणि दुपट्यात गुंडाळलेले ते गाठोडे उंच धरी. मला दिसे ते एक टोपडे आणि क्वचित एक मूठ. बाळ तीन महिन्यांचे झाले की जावई येऊन दोघींना नेणार होते. नागपूर काही जवळचे अंबाडी गाव नव्हे, की सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे. आणि माझ्यासारख्या धाप लागणाऱ्या मनुष्याला तो प्रवास झेपला नसता. नातीला एकदा मांडीवर घ्यावे, तिचा भार आपल्या हातांना कळावा, एवढीच इच्छा त्या दिवसांत माझ्या प्रत्येक संकल्पाच्या शेवटी येई.

रोगाचा दोष कोणाचा, याविषयी घरात मतभेद नव्हता. परसाच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना होता. माग चालू असले की आमच्या तुळशीवरही कापसाचे बारीक तंतू येऊन बसत. कारखान्याचा मालक आझमगडकडचा; दोन पिढ्यांपासून भिवंडीचा झालेला. भिंतीवरून आमचे नित्य संभाषण चाले.

"मास्टरजी, खांसी कम हुई?"

"तुमचे माग कमी झाले की होईल."

"माग बंद करूँ तो खाना किधर खाऊँ? तुमच्या घरी तर कांदा भी नहीं मिलता."

मी त्या बाजूने जाताना उपरण्याने नाकतोंड घट्ट बांधून घेई. तो दुरून पाही आणि हात जोडून म्हणे, "आला, डाकू आला." त्याचे कामगार हसत. मी मनातल्या मनात त्या सर्वांना क्षमा करी आणि उपरण्याची गाठ आणखी आवळी.

औषधाने गुण येईना, तेव्हा मी दैवी उपायाची जोड दिली. आमच्या आळीतल्या देवळांचे निर्माल्य गोळा करण्याची सेवा माझ्याकडे पूर्वीपासून होती. देवाला वाहिलेले फूल गटारात जाऊ नये, कोणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून मी ते पोत्यांत भरून परसातल्या पडवीत ठेवी. वाळले की हातांनी चुरून, चाळून तुळशीच्या आणि पारिजातकाच्या मुळाशी घाली. आजार जडल्यावर मी ही सेवा दुप्पट करण्याचा संकल्प सोडला. आणखी देवळे घेतली. पोती वाढली. ओलसर पोते उघडताच जो दाट, मातकट वास येई, तो मला फार पवित्र वाटे. मी तो डोळे मिटून घेत असे. नातीला घेण्याची परवानगी या सेवेतूनच मिळेल, अशी माझी दृढ श्रद्धा होती. सेवा वाढली तशी धापही वाढली. त्यावरून मी एवढाच अर्थ काढला की परीक्षा कठीण होत चालली आहे.

बाळ महिन्याचे झाले तरी माझ्या छातीत सुधारणा नाही, हे पाहून आमच्या डॉक्टरांनी मला कल्याण रस्त्यावर नव्याने दवाखाना उघडलेल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. पत्नी सोबत आली. बाई निजामपुऱ्यातल्या, एका जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. मला पाहताच त्या खुर्चीतून उठल्या.

"सर, तुम्ही मला ओळखलं नाहीत."

"नाही, बाई."

"बरंच झालं. मी शेवटच्या बाकावर असायचे. मार्क मिळतात म्हणून संस्कृत घेतलं होतं."

"मग मिळाले का?"

"तुम्ही दिले नाहीत."

पत्नी मोकळेपणाने हसली आणि तेथून पुढे त्या दोघीजणी एका बाजूला झाल्या.

बाईंनी माझ्या छातीचे जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्यात डावीकडे वर असलेली छाया नव्या फोटोत पुसट झाली होती आणि उजवीकडे दुसरीच उमटली होती. "टीबी असं घर बदलत हिंडत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्या तपकिरी गाठींविषयी इतक्या आवडीने प्रश्न विचारले, की आपण काही मौल्यवान वस्तू उत्पन्न करतो आहोत असे मला वाटू लागले.

"आता तुमच्या हातावर परीक्षा घेते," त्या म्हणाल्या. "तोंडी नाही. अंगावरची."

माझ्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला त्यांनी ओळीने थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबातून सुईचे टोक हलकेच टोचले. एक थेंब घरातल्या धुळीचा, एक झुरळाचा, एक परागांचा, एक कापसाच्या धुळीचा आणि शेवटचा बुरशीचा. ज्याच्याशी शरीराचे वैर असेल त्याच्या जागी गांधी उठणार. आम्ही तिघेही टेबलावर वाकून त्या हाताकडे पाहू लागलो.

"कापूस उठणार," पत्नी म्हणाली. "त्या कारखानदाराला मी आजच बोलणार आहे."

कापूस उठला नाही. परागांनीही मौन पाळले. झुरळाजवळ किंचित लाली आली आणि ओसरली. मग शेवटच्या थेंबाखाली खाज सुटली. त्वचा फुगू लागली, फुगत गेली, आणि पाहता पाहता पुरणाच्या छोट्या दिंडाएवढा एक पांढुरका उंचवटा, भोवती लाल कडे घेऊन, माझ्या हातावर विराजमान झाला.

"ही कोण?" मी विचारले.

"बुरशी, सर. अ‍ॅस्परजिलस. हवेत सगळीकडे असते. तुम्ही, मी, सगळेच ती रोज हुंगतो, आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. तुमच्या छातीनं मात्र तिच्याशी भांडण काढलंय. ती श्वासनळ्यांत येऊन राहते, शरीर तिच्यावर चिडतं, सूज येते, कफाच्या गाठी बनतात. फोटोत तीच छाया दिसते, आणि लोक तिला टीबी समजतात."

मी फक्त एकच गोष्ट विचारली. "ही बुरशी एकाची दुसऱ्याला लागते का?"

"नाही. खोकल्यातून ही कोणाला लागत नाही."

मी उठून उभा राहिलो. माझी काठी पडली. "मग मी आज नातीला घेऊ शकतो."

"बसा, सर." त्यांचा स्वर प्रथमच डॉक्टरचा झाला. "रक्ताची तपासणी बाकी आहे, सीटी स्कॅन बाकी आहे. आणि तुमचा कफ मी टीबीच्या कल्चरला पाठवणार. ते जंतू फार सावकाश वाढतात. नसतील तर नाहीत हे ठरायला सहा ते आठ आठवडे लागतात. मला स्वतःला टीबी वाटत नाही. पण महिन्याच्या बाळाच्या बाबतीत मला काय वाटतं याला किंमत नाही."

मी मनात हिशेब मांडला. जावयांच्या येण्यापूर्वी हा निकाल येण्यास जेमतेम जागा होती.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "इतकी बुरशी तुम्हाला भेटते कुठं? सगळ्यात जास्त दम केव्हा लागतो?"

"सकाळी. सेवेनंतर."

"कसली सेवा?"

मी निर्माल्याचे सर्व वर्णन केले. पोती, चाळणी, हातांनी चुरणे, तो पवित्र गंध. काहीही वगळले नाही, किंबहुना थोडे फुलवूनच सांगितले. बाईंनी हातातले पेन हळूच खाली ठेवले.

"तेव्हा नाकतोंड बांधता?"

"देवाच्या निर्माल्यासमोर? तो उपमर्द होईल."

"आणि मागाच्या कारखान्यापुढून जाताना?"

"तेथे बांधतो."

पत्नीने पदर तोंडाशी नेला. तिचे खांदे हलत होते.

"आजारी पडल्यावर तरी ही सेवा कमी केली असेल," बाई आशेने म्हणाल्या.

"दुप्पट केली. रोग जावा म्हणून."

त्यावर त्यांना राहवले नाही. त्या टेबलावर कपाळ टेकवून हसल्या, आणि पत्नी तर आधीपासून हसतच होती. मला प्रथम वाईट वाटले. मग मी स्वतःला त्यांच्या जागी उभे करून पाहिले: नाक उघडे टाकून, डोळे मिटून, पोत्यात डोके घातलेला एक गृहस्थ आपल्या व्याधीला स्वहस्ते खाऊ घालतो आहे आणि वर त्याचे पुण्य मागतो आहे. मलाही हसू आले. ते खोकल्यात गेले, पण हसूच होते.

पुढच्या आठवड्यात रक्ताच्या तपासणीने आणि सीटी स्कॅनने बुरशीवर शिक्कामोर्तब केले. टीबीच्या गोळ्या थांबल्या. पेढे मी वाटले ते त्या दिवशी. पहिला पेढा भिंतीवरून कारखानदाराला दिला आणि सर्व हकीकत सांगितली. त्याने पेढा तोंडात टाकला, कारखान्याकडे वळला आणि मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून कामगारांना म्हणाला, "सुनो रे, अपनी रुई बाइज़्ज़त बरी हो गई. मास्टरजी के फूल पकड़े गए."

निर्माल्याचे काय करावे ही चिंता मला काही दिवस होती. ती दिघाशीहून भाजी घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याने सोडवली. "गुरुजी, माज्या वावरात न्हेतो सगला. पानी मारून, माती टाकून देतो. देवाचा हाय, वाया न्हाय जानार." त्याने पोती नेली, आणि देवळांची नवी फुलेही तोच नेऊ लागला. माझी सेवा अशा रीतीने एका तरुण, सशक्त छातीकडे गेली.

मग उपचार सुरू झाले. एक स्टिरॉइडची गोळी, शरीराची चीड शमवण्यासाठी. आणि एक कॅप्सूल, बुरशीसाठी. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावयाची.

"एकादशीला?" मी विचारले.

"एकादशीला पण, सर. साबुदाण्यानं पोट भरत असेल तर माझी हरकत नाही. आणि एक. पोटातल्या आम्लासाठी मी जी दुसरी गोळी देतेय तिच्यामुळे ही कॅप्सूल नीट विरघळणार नाही. तेव्हा ती कोला पिऊन घ्यायची."

मी उभ्या आयुष्यात बाटलीतले पेय जिभेला लावले नव्हते. पत्नीने ती काळी बाटली आणली आणि चांदीच्या पेल्यात ओतली, कारण दुसऱ्या पेल्यात मी घेणार नाही हे ती जाणत होती. पेल्यात फसफस उठली. मी डोळे मिटून घोट घेतला. नाकात सुया टोचल्या, डोळ्यांत पाणी आले, आणि घशातून असा एक ढेकर निघाला की देवघरातली निरांजनाची ज्योत हलली, निदान पत्नीचे तसे म्हणणे आहे. "कसं लागलं?" तिने विचारले. मी गंभीरपणे म्हणालो, "औषध आहे." दुसऱ्या दिवशी मी जेवणापूर्वीच पेला पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "संध्येचं आचमनही यानेच करा आता."

आणि मग ती अवस्था आली.

ती मी कशी वर्णावी? पहाटे डोळे उघडत तेच आनंदाने भरलेले. धाप ओसरली होती, ताप गेला होता. पण हा आनंद तेवढ्याचा नव्हता. जगातली प्रत्येक वस्तू मला आपलीशी वाटे. तांब्या हातात घेतला तर त्याच्या गोलाईचे कौतुक वाटे. भूक अशी लागे की पत्नी पोळी तव्यावरून काढी ती थेट माझ्या पानात पडे. जो मी शांतपणाबद्दल शाळेत प्रसिद्ध होतो तो मी भाजीवाल्याशी, टपालवाल्याशी, रिक्षावाल्याशी अखंड बोलू लागलो. शब्द सुचत, वृत्ते सुचत. मी नातीसाठी संस्कृतात अंगाई गीते रचू लागलो.

त्या वर्षांत लोडशेडिंगमुळे दिवसाचे काही तास माग बंद पडत आणि सारी गल्ली अकस्मात निःशब्द होई. मी त्या वेळेची वाट पाही. माग थांबले की परसात उभा राहून, सज्जाकडे तोंड करून, उच्च स्वरात अंगाई म्हणे.

"अप्पा," मुलगी सज्जात येऊन म्हणे, "आत्ताच झोपली होती ती."

"मी तिला झोपवतोच आहे."

"भुजंगप्रयातात कोणी झोपत नाही, अप्पा. तिला वाटतं वरात आली."

भिंतीपलीकडून कारखानदार म्हणे, "होने दो, बेटी. लाइट नहीं, माग नहीं, कुछ तो चलने दो."

या आनंदाचा उगम माझ्या मते स्पष्ट होता. आयुष्यभर ज्या प्रसादासाठी संयमाने वाट पाहिली तो आता, या उतरत्या वयात, माझ्यावर झाला होता. पत्नीला मी तसे विनयाने सांगितलेही. ती म्हणाली, "प्रसाद तुम्हाला झालाय आणि चक्कर मला येतेय."

पुढच्या तपासणीला मी बाईंना ही अनुभूती सविस्तर सांगितली. त्यांनी सर्व आदराने ऐकले. मग थोड्या संकोचाने म्हणाल्या, "सर, ती गोळी. स्टिरॉइडनं काही जणांना असं होतं. उत्साह, भूक, बडबड. डोस कमी होत जाईल तसं उतरेल. आणि तुमचा चेहरा गोल व्हायला लागलाय, तोही त्याचाच."

घरी परतताना आम्ही रिक्षा केली. ज्याला प्रसाद समजलो तो एका पांढऱ्या गोळीचा परिणाम निघाला, हे पचायला जड होते. पण उदासी काही केल्या टिकेना. गोळी अजून अंगात होती. नदीनाक्याच्या अलीकडेच मला असे वाटू लागले की भगवंताला आनंद पाठवायचाच असेल तर त्याने तो गोळीतून पाठवू नये असा नियम कोठे आहे? अन्नातून तो बळ पाठवतो, पाण्यातून तृप्ती पाठवतो; त्याबद्दल आपण कधी तक्रार केलेली नाही. हा विचार मी पत्नीला सांगितला. तिने रिक्षावाल्याला जरा जोरात चालवायला सांगितले.

आठवडे सरत गेले. छाती हलकी झाली, गोळीचा डोस अर्ध्यावर आला, आनंदही हळूहळू माणसात आला. एकच गोष्ट येत नव्हती: कल्चरचा निकाल. जावयांचे परतीचे आरक्षण झाले. माडीवर ट्रंक भरली जाऊ लागली. डिंकाचे लाडू, झबली, पाळण्यावरची चिमणाळी, सर्व त्यात गेले. मुलगी आता सज्जात अधिक वेळ थांबे. "अप्पा, मी आणते ना खाली. काही होत नाही," असे ती एकदा म्हणाली. मीच नको म्हटले. इतकी वाट पाहिल्यावर बाळाच्या वाट्याला शंकेचा श्वास का यावा? पण ते 'नको' म्हटल्यावर मी खोलीत जाऊन बराच वेळ पोथीचे एकच पान उघडून बसलो होतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या पूजेत, मी नैवेद्याभोवती पाण्याचे मंडल काढीत असताना ओटीवरचा फोन वाजला. पत्नीने घेतला. देवघराच्या दारात येऊन ती नुसती उभी राहिली. पूजेत मला कोणी हाक मारीत नसे.

"काय म्हणतात?" मी विचारले. पूजेत मी बोलतही नसे.

"काही उगवलं नाही म्हणाल्या. टीबी नाही. आणि म्हणाल्या, सरांना सांगा, या पेपरात पैकीच्या पैकी."

पुढे काय झाले ते पत्नी अधिक चांगले सांगते. मला एवढेच आठवते की पळी ताम्हनात पडल्याचा आवाज झाला आणि मी सोवळ्यातच जिन्यावर होतो. हातात कठडा नव्हता, काठी नव्हती. अर्ध्यावर थांबून श्वास घ्यावा हे सुचलेसुद्धा नाही, आणि वर पोहोचलो तेव्हा श्वास शिल्लक होता.

पाळण्यातून काढून मुलीने बाळ माझ्या हातांवर ठेवले. मला वाटले होते त्यापेक्षा ते जड होते, आणि उबदार, आणि त्याला दुधाचा आणि वेखंडाचा वास होता. मी या क्षणासाठी एक श्लोक रचून ठेवला होता. तो आठवेना. नात माझ्या गोल झालेल्या चेहऱ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तशी पाहत होती. ओठ काढून रडण्याच्या बेतात होती. मी घाईने काहीतरी बोललो, बहुधा "अगं, मी" एवढेच. ती थबकली. आवाज तिच्या ओळखीचा होता. एवढे दिवस जो खालून, झाडांतून, आकाशातून कोठून तरी येई तो आवाज या तोंडातून येतो आहे, हे तिने पाहिले. आणि मग चार बोटे थेट माझ्या तोंडात घालून ती तो शोधू लागली.

"अहो, खाली नैवेद्य उघडा पडलाय," पत्नी जिन्यातून म्हणाली. "मांजर आलं तर?"

"देवाला सांग, जरा थांब."

"अप्पा, द्या आता. तिची दुधाची वेळ झाली," मुलगी म्हणाली.

"तिला भूक नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

मी उत्तर देणार तोच रेशमी सोवळ्यावर काहीतरी कोमट पसरू लागले. पत्नीने कपाळावर हात मारला. आता स्नान, दुसरे सोवळे, पूजा पहिल्यापासून. मुलीने हात पुढे केले. मी बाळाला जरा आणखी जवळ घेतले आणि खिडकीकडे वळून बसलो.